टाच

माझ्या उजव्या चपलेची टाच कायम बाहेरच्या बाजूने झिजते. डावी शाबूत, उजवी तिरपी. वर्षातून दोनदा तरी स्टेशनबाहेर पिंपळाखाली बसणाऱ्या काकांकडे जावं लागतं. ते चप्पल पालथी करतात आणि काही न बोलता माझ्या पायाकडे बघतात. डॉक्टरसुद्धा इतकं रोखून बघत नाहीत. मग जुन्या टायरमधून रापीने टाचेच्या मापाचा तुकडा काढतात, सोल्यूशन लावतात आणि ते वाळेपर्यंत मला उलट्या डब्यावर बसवून ठेवतात.

परवा त्या डब्यावर बसून मी मोबाइलवर एक मिनिटभराचा सिनेमा पाहिला. १८९८ सालचा, जॉर्ज मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाचा. काळ्या सुटातला, दाढीवाला माणूस येतो. दोन टेबलं मांडलेली. तो स्वतःचं डोकं उपटतो नि टेबलावर ठेवतो. धडावर नवीन डोकं हजर. तेही काढून ठेवतो. असं करत तीन डोकी टेबलांवर आणि चौथं मानेवर. मग तो बँजो घेऊन वाजवायला बसतो आणि टेबलावरची डोकी गायला लागतात. थोड्या वेळाने त्यांच्या गाण्याला वैतागून तो दोघांच्या टाळक्यात बँजो घालतो. स्वतःच्याच डोक्याला इतकं वैतागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, एक मी सोडून.

हा सगळा खेळ एकाच फिल्मवर. मागे काळा पडदा ठेवायचा, फिल्म उलटी गुंडाळून पुन्हा तीच चित्रित करायची, तीही नेमकं मोजून; एखादा आकडा चुकला की सगळी मेहनत पाण्यात. कॉम्प्युटर सोडाच, आपण काय चित्रित केलंय हे तेव्हा बघायचीही सोय नव्हती. फिल्म धुऊन येईपर्यंत सगळा हिशोब डोक्यात. चारही डोक्यांत म्हणायला हवं.

मेलिएसचा जन्म पॅरिसमधला, १८६१चा. घरचा धंदा बुटांचा. वडिलांचा उंची बुटांचा कारखाना होता आणि हा तिथली यंत्रं सांभाळायचा. पण लंडनला गेला आणि तिथले जादूचे प्रयोग बघून बिघडला. १८८८ साली कारखान्यातला आपला हिस्सा भावांना विकला आणि त्या पैशांतून पॅरिसचं रॉबेर-उदँ थिएटर घेतलं. हे जादूच्या प्रयोगांचंच थिएटर. चालता धंदा सोडून जादूच्या मागे लागलेल्या मुलाला त्या घरात काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना कुठल्याही मराठी घरातल्या माणसाला करता येईल.

२८ डिसेंबर १८९५ला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये आपल्या हलत्या चित्रांचा पहिला तिकिटाचा खेळ लावला, तेव्हा हा प्रेक्षकांत होता. त्याने यंत्र विकत मागितलं, त्यांनी दिलं नाही. मग लंडनहून दुसरं यंत्र आणलं आणि खटपट करून त्याचा कॅमेरा बनवला. कारखान्यातली यंत्रविद्या इथे कामी आली. पुढे तो एक किस्सा सांगायचा. ऑपेरासमोरच्या चौकात चित्रीकरण चालू असताना कॅमेरा मिनिटभर अडकला, पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर बघतो तर घोड्यांच्या बसची शववाहिका झालेली. किस्सा जादूगाराने सांगितलेला, तेव्हा किती खरा मानायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. पण कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची आणि पुन्हा चालू करायचा, या युक्तीवर त्याने पुढे संसार थाटला. १८९६च्या एका फिल्ममध्ये खुर्चीवर बसलेली बाई त्याने अशीच गायब केली. त्या बाईचं नाव झान द'आल्सी. तिला लक्षात ठेवा.

माँत्रय गावात त्याने काचेचा स्टुडिओ बांधला. पाचशेच्या वर फिल्म केल्या. १९०२ची चंद्रावरची सफर तर सगळ्यांना ठाऊक असते. चंद्राच्या डोळ्यात घुसलेलं ते यान. अमेरिकेत तिच्या चोरट्या प्रती धडाधड निघाल्या आणि कमाई भलत्यांच्याच खिशात गेली. पुढे लोकांची आवड बदलली, मोठ्या कंपन्या आल्या, याचं कर्ज वाढत गेलं.

आपल्याकडे दादासाहेब फाळकेही आधी जादूगारच. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते प्रयोग करत. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तेव्हा तिकडच्या जादूगाराचं सिनेमाचं दुकान आटोपलं होतं.

आणि मग टाच. मराठीत मालमत्ता जप्त झाली की तिच्यावर 'टाच आली' म्हणतात. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने मेलिएसच्या फिल्मच्या चारशेहून अधिक प्रती ताब्यात घेतल्या. म्हणजे टाच आलीच. त्या वितळवून चांदी काढली आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या केल्या बुटांच्या टाचा. आपल्या भाषेत जी कोटी करतानाही माणूस ओशाळेल, ती तिथे सरकारी कामकाजात घडली. बुटांचा धंदा विकून ज्याने सिनेमा केला, त्याचा सिनेमा बुटांत जाऊन बसला. पॅरिसच्या रस्त्यावर कुणाच्या तरी पायाखाली चंद्राचा तुकडा टकटक करत गेला असेल आणि पावसाळ्यात झिजून बदललाही गेला असेल.

उरलंसुरलं त्याने स्वतःच संपवलं. १९२३ साली नवा रस्ता काढण्यासाठी त्याचं थिएटर पाडलं, स्टुडिओही हातचा गेला. तेव्हा साठलेल्या निगेटिव्ह त्याने माँत्रयच्या बागेत पेटवून दिल्या. सैन्याचं मी एक वेळ समजू शकतो, त्यांना टाचा हव्या होत्या.

पुढे तो मोंपार्नास स्टेशनवर खेळण्यांच्या छोट्याशा दुकानात बसायला लागला. दुकान झानचं. तीस वर्षांपूर्वी खुर्चीवरून गायब केलेली तीच बाई. १९२५ला दोघांनी लग्न केलं. त्या दुकानातला त्याचा एक फोटो आहे. टांगलेल्या खेळण्यांच्या गर्दीत पांढऱ्या दाढीचा म्हातारा उभा. गाडी पकडायला धावणाऱ्यांपैकी कुणी पोरासाठी काही घेतलं असेल, सुट्ट्या पैशांवरून घासाघीस केली असेल. एका पत्रकाराने तिथे त्याला ओळखलं, मग सत्कार झाले, १९३१ला मोठा सरकारी सन्मान मिळाला आणि तो द्यायला कोण, तर लुई ल्युमिएर. १९३८ला तो गेला. त्याच्या आज उपलब्ध असलेल्या दोनशेच्या आसपास फिल्म बहुतेक इतरांकडे विखुरलेल्या प्रतींतून हाती लागल्या. चंद्राच्या सफरीची हाताने रंगवलेली प्रत तर १९९३ला बार्सिलोनात सापडली.

"काय बघताय एवढं?" काकांनी विचारलं. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. चार डोकी, बँजो, सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं.

"एकच माणूस आहे ना सगळा?"

"हो. सव्वाशे वर्षांपूर्वीचा."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी त्यांची नजर टेबलांच्या खालीच होती.

"बूट चांगले घातलेत," ते म्हणाले आणि माझी चप्पल लोखंडी साच्यावर चढवून टाचेला खिळे मारायला लागले.