पेन पर्समध्येच होते

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सांगलीजवळच्या एका मंगल कार्यालयात माझ्या भाच्याचे लग्न होते. माझी मुलगी तेव्हा 8 वर्षांची होती आणि तिला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होते. ठाऊक होते म्हणजे त्यांनी ते ऐकलेले होते. ज्या घरांत दाण्याच्या कुटावाचून कोशिंबीर, खिचडी किंवा भरली वांगी होत नाहीत, तिथे "हिला दाणे चालत नाहीत" हे वाक्य "हिला कारले आवडत नाही" याच्याच वजनाचे वाटते. पंगतीत तिच्या पानात डावीकडे कोशिंबीर वाढली गेली. शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी, त्यांच्या समजुतीप्रमाणे पूर्ण काळजी घेऊन, ती चमच्याने उचलून स्वतःच्या पानात घेतली आणि हिच्या त्याच पानात वरणभात कालवून दिला.

दहाएक मिनिटांनी ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे ओठ सुजलेले होते आणि मानेवर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परदेशातून मागवलेले अ‍ॅड्रेनलिनचे पेन, म्हणजे औषध आधीच भरलेले आणि दाबले की आपोआप टोचणारे इंजेक्शन, माझ्या खांद्याला अडकवलेल्या पर्समध्ये होते. मी पर्स उघडली, पेन बाजूला सारले आणि त्याच्या शेजारची सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाची बाटली काढून तिला ते पाजले. नवऱ्याला फोन करून बोलावले. मग आम्ही दोघे "उतरतंय का" हे पाहत बसलो. तिला खोकला सुरू झाला, दोनदा उलटी झाली, आणि ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, माझा आवाज असा का येतोय?" तेव्हा कुठे मी पेनाला हात लावला. नवऱ्याला केलेला फोन आणि इंजेक्शन दिल्यावर लगेच 108 ला केलेला फोन, यांच्यामध्ये 13 मिनिटे गेल्याची नोंद माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे.

मुलगी बरी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. मला लिहायचे आहे ते त्या 13 मिनिटांविषयी, कारण पेन कसे वापरायचे हे मला येत नव्हते असे नाही. ते कधी वापरायचे याचा निर्णय मला घेता आला नाही.

माझ्या मनात तेव्हा असे काहीतरी गणित होते की गोळ्या-औषधे ही पहिली पायरी, आणि इंजेक्शन ही शेवटची. नंतर आमच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञ डॉक्टरांनी हे गणित मुळापासून चुकीचे असल्याचे समजावून सांगितले. सेटिरिझिन, एव्हिल यांसारखी औषधे खाज आणि गांधी कमी करतात. सुजत चाललेला घसा, आवळलेल्या श्वासनलिका आणि घसरलेला रक्तदाब यांच्यावर त्यांचा उपयोग होत नाही. स्टिरॉइडचा परिणाम दिसायलाच काही तास लागतात. घसा, श्वासनलिका आणि रक्तदाब या तिन्हींवर एकाच वेळी आणि काही मिनिटांत काम करणारे औषध अ‍ॅड्रेनलिन हेच आहे, आणि म्हणून तीव्र प्रतिक्रियेत, जिला वैद्यकात अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, ते पहिले औषध आहे. ब्रिटनमधील डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी अशा प्रतिक्रियांमुळे झालेल्या मृत्यूंचा अभ्यास करून 2000 मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात अन्नातील अ‍ॅलर्जीमुळे श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या रुग्णांत याहूनही कमी) 30 मिनिटे होता आणि कीटकदंशाच्या बाबतीत तो 15 मिनिटे होता. माझी 13 मिनिटे या आकड्यांशेजारी ठेवून पाहिल्यापासून मी "थोडा वेळ बघू या" हे शब्द वापरायचे सोडून दिले आहेत.

मग ओळखायचे कसे? डॉक्टरांनी आम्हाला दिलेली खूण सोपी आहे: त्वचेच्या बरोबरीने शरीराच्या दुसऱ्या एखाद्या यंत्रणेने तक्रार सुरू केली, म्हणजे गांधींबरोबर खोकला, धाप, घोगरा आवाज, पुन्हा पुन्हा उलटी किंवा चक्कर आली, की पेन द्यायचे. आणि जी वस्तू चालत नाही ती पोटात गेल्याचे माहीत असताना श्वासाचा त्रास किंवा चक्कर सुरू झाली, तर गांधींची वाटसुद्धा पाहायची नाही, कारण काही वेळा त्या उठतच नाहीत.

आता पेनाविषयी. आमच्याकडचे पेन एपिपेन जातीचे आहे. त्याच्या एका टोकाला निळे झाकण असते आणि दुसरे टोक नारिंगी असते. सुई नारिंगी टोकातून बाहेर येते. घाबरलेल्या माणसाला निळे झाकण पेनाच्या टोपणासारखे वाटते आणि टोपणाखाली टोक असणार अशी त्याची समजूत होते. माझ्या नवऱ्याने सरावाच्या, बिनसुईच्या पेनावर पहिल्याच वेळी अंगठा नारिंगी टोकावर ठेवला होता. खऱ्या पेनाच्या बाबतीत असे झाले तर औषध अंगठ्यात जाते, तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, मुलाचा डोस वाया जातो आणि रुग्णालयात दोघांना न्यावे लागते. म्हणून पेन मुठीत धरायचे, अंगठा कुठल्याही टोकावर ठेवायचा नाही, निळे झाकण सरळ वर ओढून काढायचे आणि नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, खट् असा आवाज येईपर्यंत दाबून धरायचे. एपिपेन 3 सेकंद धरायचे असते, जेक्स्ट नावाचे दुसरे पेन 10 सेकंद. तेव्हा आपल्या हातात कोणते आहे त्याची सूचना आधीच वाचून ठेवलेली बरी.

मांडीच का, दंड का नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. कॅनडातील डॉ. एस्टेल सायमन्स यांनी 1998 मध्ये मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिन रक्तात सरासरी 8 मिनिटांत सर्वोच्च पातळीला पोहोचले, तर दंडावर त्वचेखाली दिलेल्याला 34 मिनिटे लागली. कपड्यावरून इंजेक्शन दिले तरी चालते, फक्त खिसा आणि जाड शिवण टाळायची. लग्नात माझ्या मुलीने जरीचे परकर-पोलके घातले होते आणि परकराच्या चुण्या वर सारण्यात माझी आणखी काही सेकंदे गेली. लहान मूल सुई टोचताच पाय झटकते आणि त्यामुळे मांडीवर लांब ओरखडा पडू शकतो, म्हणून एकाने गुडघा घट्ट धरायचा असतो.

इंजेक्शन दिल्यावर मी आणखी एकदा घाबरले, कारण पेनात बरेचसे औषध शिल्लक असल्यासारखे वाटत होते. या पेनात 2 मिली द्रव असतो आणि त्यातला फक्त 0.3 मिली बाहेर येतो; उरलेला तसाच राहतो आणि तो पुन्हा वापरता येत नाही. हे मला कोणी आधी सांगितले असते तर डोस गेलाच नाही या भीतीने मी गडबडले नसते. मुलीचे हात थरथरू लागले, चेहरा पांढरा पडला आणि छाती धडधडू लागली. तोही औषधाचाच परिणाम होता आणि थोड्या वेळात तो ओसरला.

त्यानंतर आम्ही एक मोठी चूक केली. पंगत पहिल्या मजल्यावर होती आणि रुग्णवाहिका खाली आली म्हणून आम्ही तिला चालवत जिना उतरवून नेले. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्तदाब घसरलेला असतो आणि अशा वेळी एकदम उठून बसवल्याने किंवा उभे केल्याने हृदयाकडे परतणारे रक्त अचानक कमी होऊन जीव जाऊ शकतो. पम्फ्री यांनीच 2003 मध्ये याकडे लक्ष वेधले होते. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करायचे, धाप लागत असेल तर पाय पसरून बसू द्यायचे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचे, आणि स्ट्रेचर वर मागवायचे. 5 ते 15 मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरे पेन द्यायचे, यासाठी पेने नेहमी दोन हवीत. बरे वाटले तरी रुग्णालयात जायचेच, कारण काही तासांनी सगळे पुन्हा उसळू शकते.

आपल्याकडची खरी अडचण अशी आहे की हे पेन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळत नाही आणि बाहेरून मागवले तर महाग पडते, तर 1 मिलीची अ‍ॅड्रेनलिनची काचेची कुपी अगदी स्वस्त असते. काही डॉक्टर कुटुंबाला ती कुपी आणि सिरिंज देतात, डोस वजनावरून स्वतः लिहून देतात आणि हाताने शिकवतात. मी सलाइनच्या कुपीवर घड्याळ लावून पाहिले: कुपी फोडून, बुडबुडे काढून, नेमके माप भरायला मला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला, तेही कोणी गुदमरत नसताना. स्थिर सुईची इन्सुलिन सिरिंज यासाठी घेऊ नये, कारण तिची सुई स्नायूपर्यंत पोहोचण्याइतकी लांब नसते. आणि घरच्या माणसाने हे औषध शिरेत देण्याचा विचारही करू नये. स्नायूत जीव वाचवणारा डोस शिरेत घातक ठरू शकतो.

ही कुपी काही दुर्मीळ वस्तू नाही. लसीकरणाच्या सत्रात आरोग्यसेविकेच्या पेटीत अ‍ॅड्रेनलिन असते आणि लसीनंतर अ‍ॅनाफिलॅक्सिसचा संशय आल्यास पहिला डोस देण्याचे शिक्षण तिला दिलेले असते. कोविडच्या लसीनंतर आपल्याला 30 मिनिटे खुर्चीवर बसवून ठेवत होते ते याचसाठी. अमेरिकेत 2024 मध्ये नाकात फवारायच्या अ‍ॅड्रेनलिनलाही मान्यता मिळाली आहे. तो फवारा आमच्या हाती येईपर्यंत आमचे काम पेनावरच चालले आहे.

मुलगी आता 31 किलोची झाली आहे, त्यामुळे 0.15 मिलिग्रॅमच्या पेनाऐवजी 0.3 मिलिग्रॅमची दोन पेने आली. ती फ्रिजमध्ये ठेवायची नसतात आणि उन्हात उभ्या गाडीतही नाही. तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात असतात आणि खिडकीतला द्रव गढूळ किंवा तपकिरी तर झाला नाही ना, हे दर महिन्याला मी पाहते. मुदत संपलेले जुने पेन सासूबाईंच्या हाती दिले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेल्या मोसंब्यात टोचायला सांगितले. त्यांनी दोनदा चष्मा पुसला, अंगठा बाजूला आहे याची खात्री केली आणि पेन दाबले. खट् आवाज झाला, त्यांनी मोठ्याने तीन आकडे मोजले, पेन बाहेर काढले आणि म्हणाल्या, "एवढंच?" वापरलेले पेन मी डॉक्टरांकडे नेऊन देण्यासाठी डब्यात ठेवले आणि वळून पाहिले, तर सासूबाई ते मोसंबे सोलायला बसल्या होत्या.