प्ले स्टोअरला बागायतदार माहीत नसतो: सबस्क्रिप्शन आणि लॉगिनची गाठ

द्राक्षबागेच्या सल्ल्याचं एखादं ॲप घ्या. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत हवामान, डाऊनी-भुरी या रोगांचा इशारा, फवारणीचं वेळापत्रक आणि या सगळ्यासाठी महिन्याचा प्लॅन. निफाड-दिंडोरीकडे असं ॲप चालवायचं तर एक गोष्ट आधीच धरून चालावी: लॉगिन वडिलांच्या नंबरचं, फोनमधलं गूगल खातं मुलाचं आणि यूपीआय कधीकधी तिसऱ्याच कुणाचं. मग पैसे कापले जातात, पण वडिलांच्या लॉगिनवर ‘प्लॅन घ्या’ ही पाटी काही हटत नाही.

अशा तक्रारीत पेमेंट बहुधा ठीकच झालेलं असतं. स्टोअर ओळखतं ते गूगल किंवा ॲपल खातं. तुमच्या ओटीपी लॉगिनचा त्याला पत्ता नसतो. ही दोन्ही टोकं बांधायचं काम तुमच्या सर्व्हरचं, आणि ते खरेदीच्या वेळीच व्हायला हवं.

सुरुवात युजर आयडीपासून. मोबाइल नंबर हीच युजरची ओळख धरणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. नवा मालक ओटीपी टाकून आत आला की जुन्याचा प्लॅन, बागेची माहिती, सगळं त्याच्यासमोर. म्हणून पहिल्या लॉगिनला सर्व्हरने एक यूयूआयडी (दुसऱ्या कुणाला न मिळणारी, आपोआप बनणारी ओळखखूण) तयार करावा आणि तो कधीही बदलू नये. नंबर हा त्या खात्याचा एक बदलता रकाना, इतकंच.

हाच यूयूआयडी खरेदीबरोबर स्टोअरकडे पाठवायचा. अँड्रॉइडवर बिलिंग फ्लो (खरेदीची प्रक्रिया) सुरू करताना ‘ऑबफस्केटेड अकाउंट आयडी’ची, म्हणजे झाकलेल्या खातेओळखीची, जागा असते, ६४ अक्षरांपर्यंतची. यूयूआयडी ३६ अक्षरांचा, आरामात बसतो. तिथे ईमेलसारखी ओळख उघडी टाकली तर गूगल खरेदीच अडवतं, त्यामुळे मोबाइल नंबरही तिथे नको. आयफोनवर स्टोअरकिट २ मध्ये (ॲपलच्या खरेदीच्या तयार कोडमध्ये) यासाठी ‘ॲप अकाउंट टोकन’ आहे आणि ते यूयूआयडीच असावं लागतं. दोन्हीकडे हा आकडा व्यवहाराच्या नोंदीत परत मिळतो. ॲप मध्येच बंद पडलं तरी ही खरेदी कुणाची, हे सर्व्हरला स्टोअरकडून कळतं. ऑफर कोड वापरून ॲपच्या बाहेरून घेतलेल्या प्लॅनमध्ये मात्र ही जागा रिकामी असू शकते, तेव्हा कोडमध्ये ती शक्यता धरा.

आता क्रम, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. गूगल प्लेवर खरेदी पूर्ण झाल्यापासून ३ दिवसांत तिला ‘ॲकनॉलेज’ करावं लागतं, म्हणजे खरेदीची पोच गूगलला द्यावी लागते, नाहीतर गूगल पैसे परत करून प्लॅन काढून घेतं. बरेच जण हे काम फोनवरच, खरेदी झाल्या झाल्या उरकतात. त्यानंतर सर्व्हरला टोकन (त्या खरेदीची गूगलने दिलेली खूण) पाठवताना रेंज गेली की ग्राहकाचे पैसे पक्के गेले आणि सर्व्हरवर नोंद नाही. क्रम उलटा ठेवा: सर्व्हरने आधी गूगलकडून टोकन तपासावं, मग ते युजर आयडीला बांधून डेटाबेसमध्ये कायम करावं आणि शेवटी सर्व्हरनेच ॲकनॉलेज करावं. मधली पायरी फसलीच तर ३ दिवसांनी ग्राहकाला पैसे आपोआप परत मिळतात. म्हणजे गूगलचा हाच नियम तुमचा विमा होतो. ॲप प्रत्येक वेळी उघडल्यावर चालू खरेद्या विचारून घ्या, म्हणजे रेंजमध्ये आल्यावर राहिलेलं टोकन सर्व्हरपर्यंत पोचतं. आयफोनवरही तेच: सर्व्हरने होकार दिल्याशिवाय व्यवहार ‘फिनिश’ करू नका, तोवर तो पुन्हा पुन्हा समोर येत राहतो.

यूपीआयमुळे आणखी एक अवस्था येते, ‘पेंडिंग’: खरेदी झाली, पण पैसे अजून जमा नाहीत. या अवस्थेत प्लॅन सुरू करायचा नाही. ३ दिवसांची मुदतसुद्धा पैसे खरोखर जमा झाल्यावरच सुरू होते. स्क्रीनवर ‘पेमेंट बँकेकडे आहे, पुन्हा खरेदी करू नका’ एवढं स्वच्छ मराठीत लिहिलं तरी सपोर्टचे अर्धे फोन वाचतील.

सबस्क्रिप्शनची स्थिती बदलली की गूगल सर्व्हरला रिअल टाइम सूचना पाठवतं. त्या तुमच्या ॲपच्या विनंतीच्या आधीही सर्व्हरवर पोचू शकतात आणि एकच सूचना दोनदाही येऊ शकते. त्यामुळे परचेस टोकनच्या रकान्याला युनिक बंधन घाला, म्हणजे एक टोकन एकदाच नोंदवलं जाईल. सूचनेतल्या अवस्थेवर विसंबू नका, ते टोकन घेऊन गूगलला ताजी स्थिती विचारा. प्लॅन बदलला, समजा महिन्याचा वर्षाचा केला, की नवीन टोकन मिळतं आणि ‘लिंक्ड परचेस टोकन’ या रकान्यात जुनं. जुनं बाद करायचं राहिलं तर एका पैशात दोन खाती चालू राहतात. ॲपलकडे धरून ठेवायचा आकडा म्हणजे ओरिजिनल ट्रान्झॅक्शन आयडी. दर महिन्याच्या नूतनीकरणाला ट्रान्झॅक्शन आयडी बदलतो, हा बदलत नाही.

रेव्हेन्यूकॅट ही सबस्क्रिप्शन सांभाळणारी तयार सेवा वापरत असाल तर बरंचसं काम ते करतं, पण ओळखीचा घोळ तिथेही होतोच. लॉगिन तपासून होण्याआधी त्यांचं एसडीके (ॲपमध्ये घालायचा तयार कोड) सुरू केलं की ते स्वतःच एक निनावी आयडी बनवतं आणि त्या क्षणी झालेली खरेदी त्या निनाव्याच्या नावावर लागते. युजर आयडी हाती येईपर्यंत खरेदीचं बटण बंद ठेवा. एका युजरवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये लॉगआउट करू नका, थेट नव्या आयडीने लॉगिन करा. नाहीतर उगाच आणखी एक निनावी तयार होतो. सगळ्यात महागात पडतो तो रिकाम्या आयडीच्या जागी सगळ्यांसाठी एकच ठरावीक शब्द पाठवणारा कोड. एकाने पैसे भरले की तोच शब्द मिळालेले सगळेच प्रीमियम.

उरतो तो तंट्याचा प्रश्न. मुलाच्या गूगल खात्यावरून वडिलांच्या लॉगिनला प्लॅन घेतला. पुढे त्याच फोनवर मुलाने स्वतःच्या नंबरने लॉगिन केलं. फोन तेच टोकन पुन्हा दाखवणार, आणि ॲपने ते भाबडेपणाने सर्व्हरला पाठवलं तर वडिलांचा प्लॅन मुलाकडे. ऐन फवारणीच्या वेळी! रेव्हेन्यूकॅटमध्ये खरेदी रिस्टोर केली, म्हणजे आधीची खरेदी परत आणली, की ती नव्या युजरकडे जाते, हे मूळ सेटिंग. ती मूळ युजरकडेच ठेवायचा पर्यायही आहे. ओटीपी लॉगिन सक्तीचं असलेल्या ॲपला दुसरा पर्याय बरा, असं माझं मत. स्वतःचा सर्व्हर असेल तर बांधलेलं टोकन गुपचूप हलवूच नका. ‘हे सदस्यत्व ४२ ने संपणाऱ्या नंबरला जोडलेलं आहे’ असं दाखवा आणि त्या नंबरवरचा ओटीपी दिल्यावरच हलवा. नंबरच बंद झाला असेल तर ऑर्डर क्रमांक मागून माणसाने तपासावं. आणखी एक: एका गूगल खात्यावर एकच सबस्क्रिप्शन दोनदा घेता येत नाही. वडील आणि काका दोघांचे प्लॅन मुलाच्या एकाच खात्यावरून घ्यायला गेलात तर दुसऱ्या वेळी ‘आधीच घेतलेलं आहे’ हाच एरर येणार. खरेदीच्या पानावरच तसं सांगून टाका.

खातं डिलीट करायची सोय ॲपल ३० जून २०२२ पासून सक्तीने मागतं, पण खातं पुसल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. गूगलचं तुमच्या सर्व्हरवरून रद्द करता येतं, ॲपलचं मात्र ग्राहकालाच सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. डिलीटच्या बटणाआधी ही सूचना हवीच.

चाचणीला गूगल प्लेचं लायसन्स टेस्टरचं खातं (खरे पैसे न कापता खरेदी करून बघायचं) वापरा. तिथे महिन्याचा प्लॅन दर ५ मिनिटांनी नूतन होतो आणि ६ नूतनीकरणांनंतर संपतो. एवढ्या वेळात एकाच फोनवर दोन लॉगिन आलटून पालटून करा, पेमेंट होताच फोन विमान मोडवर टाका, ॲप काढून पुन्हा घाला, आणि प्रत्येक वेळी सर्व्हरच्या तक्त्यात एका टोकनासमोर एकच युजर आयडी आहे ना, ते बघा.