चिंगीसाठी सोबती निवडताना

आमची चिंगी डॅशहंड जातीची, 6 वर्षांची आणि 7 किलो वजनाची कुत्री. मुलगा आणि मुलगी शिक्षणासाठी इंदूर सोडून गेल्यापासून ती दिवसभर दारापाशी बसून राहू लागली, म्हणून तिला सोबत आणावी असे आम्ही ठरवले. मनाजोगा सोबती मिळेपर्यंत 5 महिने गेले, आणि त्यातला पहिला महिना माझ्या चुकीपायी वाया गेला.

मुलांचा आग्रह लॅब्रॅडॉरसाठी होता. ओळखीच्या एका कुटुंबाने आपले 4 महिन्यांचे पिल्लू दोन दिवस आमच्या राजेंद्रनगरच्या घरी ठेवायची तयारी दाखवली, आणि मी विचार न करता होकार दिला. पिल्लू फार गोड होते; पण खेळाच्या भरात त्याने पुढचे दोन्ही पाय चिंगीच्या पाठीवर टाकले आणि ती अशी केकाटली की मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती दिवाणाखालून बाहेर आली नाही.

डॉक्टरांनी तिच्या पाठीच्या एकेका मणक्यावर बोट दाबून पाहिले. सुदैवाने इजा नव्हती. या जातीचा कणा लांब आणि पाय आखूड असल्यामुळे मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका मुळातच अधिक असतो आणि तसे झाले तर मागचे पाय लुळे पडू शकतात, हे त्यांनी समजावून सांगितले. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर 30 किलोंच्या घरात जातो, म्हणजे चिंगीच्या चौपट. "पिल्लू नकोच," ते म्हणाले, "वाढ पूर्ण झालेला, शांत नर बघा. त्याचे वजन आणि स्वभाव आज डोळ्यांना दिसतो तोच राहील." एका घरातल्या दोन माद्यांचे बिनसले तर ते वैर सहसा मिटत नाही, म्हणून नर.

पुढच्या काळात आम्ही चार कुत्रे पाहिले. तिघांना नकार देताना वाईट वाटले, पण घरात आधीपासून असलेल्या जीवाचा कौल पहिला मानायचा हे मी तोवर पक्के केले होते. चौथा बादल, 3 वर्षांचा, 6 किलोंचा, नसबंदी झालेला इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे याला सर्रास पॉमेरेनियन म्हणतात. त्याच्या मालकांची बदली परदेशी झाली होती. लसीकरणाचे कार्ड पाहिल्यावर दोघांची भेट मुद्दाम घराबाहेर, सकाळी रिकाम्या मैदानावर ठरवली, कारण घरी चिंगीने आपली हद्द राखायचा प्रयत्न केला असता.

दोघांना दहा-बारा पावलांच्या अंतराने, पट्टे सैल ठेवून, एकाच दिशेने चालवले. ताठ शेपूट, मिटलेले तोंड, रोखलेली नजर दिसली तर लगेच मागे फिरायचे होते. बादलने मात्र तोंड वळवले, जमीन हुंगली आणि सरळ अंगावर न येता वळसा घेऊन तो जवळ आला. चिंगीने क्षणभर त्याचा वास घेतला. मी हाक मारली तेव्हा तिने अख्खे अंग झटकले, कानांची फडफड झाली, आणि ती आपण होऊन पुन्हा त्याच्याकडे वळली. अशा आणखी तीन भेटी झाल्यावरच त्याला घरी आणले.

पहिले 10 दिवस दोघांमध्ये जाळीचे दार होते. खेळणी उचलून ठेवली, अंथरुणांची फडकी अदलाबदल केली, जेवण वेगळ्या खोल्यांत दिले. एकदा बादल तिच्या गादीवर चढू लागला तेव्हा ती गुरगुरली. मी रागावणार तोच सासूबाई म्हणाल्या, "तिला नको गं ओरडूस, ती सांगतेय त्याला." त्यांचे अगदी बरोबर होते, गुरगुरणे दाबले तर कुत्रा इशारा न देता चावायला शिकतो. मी बादललाच हाक मारून बाजूला घेतले.

आता जाळी काढली आहे आणि दुपारी दोघे दारापाशी शेजारी-शेजारी झोपतात. जेवणाची भांडी मात्र आजही वेगळ्या खोल्यांत असतात, आणि ती तशीच राहतील.