अर्जात ‘सुटा भाग’ असा रकाना नाही

ठासणीच्या बंदुकीचं निपल, म्हणजे ठिणगी आत नेणारी बारीक भोकाची तोटी, बोटाच्या पेरापेक्षा लहान असतं. ते मिळवताना मला जेवढा त्रास झाला तेवढा अख्खी बंदूक नावावर करून घेताना झाला नव्हता. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. ज्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे आणि बंदूक वडिलांच्या वेळची आहे, त्यांनी बंदूक चालू आहे तोवरच सुटे भाग घेऊन ठेवावेत. बिघडल्यावर धावाल तर हंगाम हातचा जातो.

आमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याला. केळी, मका, थोडा हरभरा. मक्यात दाणा भरू लागला की डुकरं उतरतात आणि खातात त्यापेक्षा जास्त लोळून नासवतात. केळीत शिरली तर कंद उकरतात. आम्ही जनावर मारत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. मचाणावरून नुसती दारू ठासून, छर्रा न घालता, बार काढायचा. फटाक्यांना डुकरं सरावली आहेत, पण या बाराचा दणका वेगळा असतो. कळप ओहोळ ओलांडून जातो आणि दोन-तीन रात्री फिरकत नाही.

बंदूक अण्णांची, म्हणजे वडिलांची. परवान्यावर तिचं वर्णन ‘एसबीएमएल’, म्हणजे एकनळी, तोंडाकडून भरायची. २०१६ च्या शस्त्र नियमांत २५ वा नियम आहे: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर वारसाला परवाना देता येतो. अण्णा दोन्हींत बसत होते. ते काम सरळ झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता बिघडतं काय ते. केप म्हणजे आपटल्यावर ठिणगी देणारी लहानशी टोपी. केपाच्या बंदुकीत घोडा केपावर आपटतो, केप निपलवर बसलेला असतो आणि निपलच्या बारीक भोकातून ठिणगी दारूपर्यंत जाते. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. बार झाल्यावर मागे राहणारी राख हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. आधी निपल जातं. त्याचं भोक मोठं होतं, जाळ उलटा मागे येतो आणि घोडा उसळतो. दुसरी जाते घोड्याची मुख्य कमान, म्हणजे स्प्रिंग. ती दुमडलेल्या पट्टीची असते आणि दुमडीत चिरते. आमच्या बंदुकीत आधी निपल गेलं, आणि त्याचे कागद फिरत असतानाच कमानही चिरली.

माझा आतेभाऊ टेक्सासला असतो. त्याच्याकडे १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल आहे, तीही काळ्या दारूची आणि केपाचीच. सुटे भाग साठवून ठेवायचे हे मी त्याच्याकडून शिकलो. त्याच्या डबीत निपलांचा पूर्ण संच असतो, कारण सिलिंडरमधल्या दारू भरायच्या सहा घरांना सहा निपलं लागतात. शिवाय सिलिंडर फिरवणारा पंजा, त्याच्या पाठीवरची पातळ कमान, सिलिंडर अडवणारा बोल्ट आणि चाप या दोघांना मिळून असलेली दुबोटी कमान, मुख्य कमान, स्क्रू आणि नळी धरून ठेवणारी पाचर. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये सर्वांत जास्त तुटते ती ही दुबोटी कमान आणि पंजाची कमान, असं तो सांगतो. उबेर्टी आणि पिएट्टा हे दोन्ही कारखाने ब्रेशियाच्या भागातले आणि एकाच जुन्या नमुन्याची नक्कल करणारे, तरी एकाचा भाग दुसऱ्यात जसाच्या तसा बसेल याचा भरवसा नाही. कारखाना कोणता ते बघूनच तो मागवतो, आणि आलेला भाग कानशीने बसता करावा लागेल हे गृहीत धरतो. त्याला हे सगळं टपालाने घरी येतं. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशी केपाची नक्कल ‘अँटिक’ धरली जाते, बंदुकीच्या व्याख्येत येत नाही.

आपल्याकडे उलट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात. म्हणजे निपलही शस्त्रच. आणि कलम ५ मध्ये विक्रीच्या जोडीला दुरुस्तीलाही परवाना लागतो असं आहे. गावात मला ज्याने त्याने हेच सांगितलं, “स्टँडवरच्या वेल्डिंगवाल्याकडं जा भो, अर्ध्या तासात कमान करून देईल.” देईलही. पण त्याच्याकडे परवाना नाही, म्हणजे तोही अडकणार आणि मीही. शिवाय जीपच्या पाट्यातून कापलेल्या कमानीला पाणी, म्हणजे तापवून-थंड करून दिलेला कडकपणा, बरोबर बसलं नाही तर ती एक तर मऊ पडते, नाही तर ताडकन तुटते. आणि इथे तोंडासमोर दारू भरलेली नळी असते. मी त्या वाटेला गेलो नाही याचा मला अभिमान आहे. जे करायचं ते कागदावरच करायचं, हे पहिल्यापासून ठरवलं होतं.

आणि कागदावरच मी अडकलो.

जिल्ह्याच्या ठिकाणी परवानाधारक बंदूकवाला आहे. त्याने स्वच्छ सांगितलं, “निपल आहे, कमानही मिळेल. पण हातात देणार नाही, बंदूक घेऊन या. तुमच्या बंदुकीचे आटे बघितल्याशिवाय निपल कसं देऊ?” ते बरोबरच होतं. या बंदुका हाताने घडवलेल्या असतात, दोन बंदुकांचे आटे जुळतील असं नाही. इटलीच्या रिव्हॉल्व्हरना बहुतेक ६ मिलिमीटर व्यासाचं, ०.७५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचं निपल लागतं, तसं ठरीव माप इथे नाही. पण बंदूक न्यायची कशी? आमच्या परवान्यावर क्षेत्र म्हणून गावाची शीव आणि शेताचे गट नंबर लिहिलेले. शिवेबाहेर बंदूक काढायची तर परवानगी हवी.

ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, परवाना आम्ही देत नाही, ज्यांनी दिला त्यांच्याकडून पत्र आणा. कचेरीत गेलो. तिथल्या टेबलावर सांगितलं, दुरुस्तीचं ठाण्यातच होतं, तिथे नोंद करा आणि घेऊन जा. पुन्हा ठाण्यात. अंमलदारांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी म्हणालो, साहेब, हे लेखी द्या. लेखी द्यायला दोन्हीकडे कोणी तयार नव्हतं.

शेवटी कचेरीत अर्ज ठेवून घेतला. त्यात मी साधं सरळ लिहिलं होतं: बंदुकीची दुरुस्ती आणि काही सुटे भाग खरेदी करण्यास परवानगी मिळावी. ‘खरेदी’ हा शब्द बघितल्याबरोबर कारकून म्हणाले, “तुमच्या परवान्यावर एकच शस्त्र आहे. दुसरं कसं घेता?” मी म्हणालो, दुसरं नाही, याच बंदुकीचं निपल. ते म्हणाले, “त्याचा नंबर सांगा.” निपलवर नंबर नसतो. कमानीवर नसतो. नंबर नळीवर असतो, आणि तो परवान्यावर आहेच. “नंबर नाही तर नोंद कशी घेऊ? सुटा भाग असा रकाना नाही.” मग त्यांनी संगणकावरचा अर्ज मला दाखवला. नवीन शस्त्र, नूतनीकरण, पत्ता बदल, क्षेत्र वाढ. सुटा भाग खरोखरच नव्हता. कायद्याने निपलला शस्त्र म्हणायचं आणि अर्जात त्याला जागा ठेवायची नाही, मग शेतकऱ्याने काय करायचं? मी हे मोठ्याने विचारलं. उत्तर मिळालं, “मार्गदर्शन मागवू.”

ज्यांनी कचेऱ्या बघितल्या आहेत त्यांना या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक आहे. फाईल वर गेली, वरून अभिप्रायासाठी पोलिसांकडे गेली. ठाण्यातून एक जमादार शेतावर पीक बघायला आले, तोवर मका कापून झाला होता. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की शेतात उभं पीक आढळलं नाही. म्हणजे बंदूक बंद म्हणून मक्याचा एक कोपरा डुकरांनी नेला, आणि मका नाही म्हणून बंदुकीची गरज कागदावर कमी झाली. त्या दिवशी मी जेवलो नाही. अण्णा ओट्यावरून म्हणाले, “आते काय करानं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर फाईल ‘त्रुटी’ म्हणून परत आली. त्रुटी कोणती, तर अर्जात यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, नाही. हा क्रमांक परवान्याच्या झेरॉक्सवर पहिल्याच पानावर छापलेला होता आणि झेरॉक्स अर्जाला टाचलेली होती. तरी अर्ज परत. तर हे लक्षात ठेवा: यूआयएन, परवाना क्रमांक, मुदत आणि नळीवरचा नंबर, चारही गोष्टी अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. झेरॉक्स कोणी उलटत नाही. आणि जुना परवाना तीन वर्षांचा आहे की पाच, तेही बघून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झाली. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, मग दुरुस्ती.

गाठ सुटली ती बदलून आलेल्या एका अव्वल कारकून बाईंमुळे. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, तो पहिल्यांदा कोणीतरी पूर्ण वाचला. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही एका अर्जात दोन गोष्टी मागताय. खरेदी काढून टाका. बंदूक दुरुस्तीला न्यायची आणि परत आणायची, एवढंच मागा. भाग बंदूकवाल्याच्या बिलात येतील, तुमच्या बंदुकीच्या नंबरखाली.” मी विचारलं, जास्तीचं निपल, पुढच्या वेळेसाठी? त्या म्हणाल्या, “तेही बिलात, त्याच नंबरखाली, आणि एक प्रत आमच्या फायलीला.” सोबत बंदूकवाल्याच्या लेटरहेडवर काय काय बदलावं लागेल त्याचं पत्र मागितलं, त्यावर त्याचा परवाना क्रमांक हवा. शिवाय पीकपेऱ्यासह सातबारा. हे जोडून नवा अर्ज दिला आणि परवानगी हातात आली: तारखा, मार्ग, बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये, सोबत दारू किंवा केप नाही. त्या बाईंनी कायदा वाकवला नाही, फक्त तो वाचला. पहिल्याच टेबलावर हे कोणी का सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बंदूकवाल्याकडचं काम एका दुपारचं. जुनं निपल गंजून धरलं होतं. त्याने रॉकेल आणि तेल टाकून ते रात्रभर ठेवायला सांगितलं असतं, पण परवानगीच्या तारखेत ते बसत नव्हतं, म्हणून तापवून सावकाश काढलं. यासाठी दर धुण्याला निपल काढून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवा. पाना निपलच्या चौकोनात घट्ट बसणारा हवा, पकडीने कधीही फिरवू नका.

मी बसवलेल्या निपलाशिवाय दोन जादा घेतली, एक मुख्य कमान, घोड्याचा स्क्रू आणि निपलचा पाना. प्रत्येक जादा निपल त्याने माझ्या बंदुकीत बसवून, केप चढवून, परत काढून दिलं. हा आग्रह धराच. न बसवता घरी आणलेला भाग हा सुटा भाग नव्हेच, ऐन रात्री तो आट्यात अडकेल. कमानही त्याने कानशीने घासून आमच्या खाचेत बसती केली. ती घरी बदलता येते का असं विचारलं तर तो नाही म्हणाला. दाबून धरायचा शिकंजा नसेल तर ती उडून डोळ्यात जाते. ती फक्त माझ्याकडे ठेवायची आणि वेळ आली की बंदुकीसोबत त्याच्याकडे न्यायची. कमानीसाठी मुंबईहून माल यायची वाट बघावी लागणार नाही, एवढाच फायदा, पण हंगामात तो मोठा आहे.

रिकाम्या निपलवर घोडा सोडू नका. पोरं खेळताना चाप ओढतात, निपलचं तोंड चेपतं आणि मग केप बसत नाही. बंदूक धुवायला गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. नुसतं तेल पुसून राख जात नाही. पावसाळ्यात बार काढला त्याच रात्री धुवा, सकाळवर टाकू नका.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात तेव्हाचंही सांगतो, हे आधी लिहायला हवं होतं. जमा करण्याआधी नळी आणि निपल तेलाने भरून द्या, कारण ती तिथे किती महिने राहील सांगता येत नाही. पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्या: घोडा चालू, निपल बसवलेलं, कमान शाबूत. परत घेताना ठाण्यातच घोडा दोनदा चढवून, अंगठ्याने धरून हळू उतरवून बघा. जादा भाग पेटीत, बिलाच्या प्रतीसोबत ठेवा. ते कुठून आले असं कोणी विचारलं तर बिलावरचा नळीचा नंबर दाखवायचा.

चापाची लहान कमान मात्र तेव्हा शिल्लक नव्हती, ती राहिली. तिच्यासाठी अर्ज गेल्या आठवड्यात दिला आहे. या वेळी फक्त ‘दुरुस्ती’ लिहिलंय, यूआयएन पहिल्या ओळीत आहे, आणि मका अजून गुडघ्याएवढा आहे.