आमची वाटचाल : पंख सुटायलाच हवेत

अख्खं विमान आमच्याकडे बनत नाही, हे आधीच सांगतो. कॅमेरा, ऑटोपायलट, रेडिओ हे सगळं गिऱ्हाईक आणतं. आम्ही हातफेकीच्या टेहळणी ड्रोनचं अंग बनवतो : पंख, बूम (शेपटाला धरणारी नळी), शेपूट, नाकाचा डबा. पण ड्रोन पडलं की पहिला फोन आम्हालाच.

सुरुवात मी आणि बापूने केली. भांडवल म्हणजे एक हॉट वायर (फोम कापायची तापती तार) आणि घरी केलेला ट्रान्सफॉर्मर. पंख मुळाशी रुंद, टोकाशी निमुळता. म्हणजे तारेची दोन्ही टोकं वेगवेगळ्या वेगाने चालवायची आणि पोचवायची मात्र एकाच क्षणी. टेम्प्लेटवर (तारेला वाट दाखवणाऱ्या फळीवर) एक ते दहा खुणा. बापू मुळाकडून पुकारायचा, "चार... साडेचार... पाच," आणि मी टोकाकडून त्याच्याबरोबर सरकायचो. तार जरा रेंगाळली की फोम जास्त वितळायचा आणि पंखाला खड्डा. आता मशीन आहे, पण ती तार अजून खुंटीला आहे.

या धंद्यात रेव्हन या अमेरिकी हातफेकी ड्रोनशी तुलना चुकत नाही. वजन १.९ किलो, पंखांचा पसारा १.३७ मीटर. त्याच्या आधीचं पॉइंटर, जे १९९१च्या आखाती युद्धात वापरलं गेलं, ते २.७४ मीटरचं धूड होतं. दोघांचीही उतरायची तऱ्हा एकच : मोटर बंद, एलिव्हेटर (शेपटीवरची हलती पट्टी) वर, पंखावरची हवा सुटते आणि विमान जवळजवळ सपाट खाली येतं. धावपट्टी नको, चाकं नकोत. जमिनीला टेकताच पंख, शेपूट वेगळे होतात. मोडत नाहीत, सुटतात. आमचंही तसंच : धक्का जोडातल्या नायलॉनच्या बोल्टांत जिरतो, स्पार (पंखाचा आतला दांडा) वाचतो.

हे आम्हाला माहीत होतं, तपासणाऱ्याला नव्हतं. ट्रायलला आमचं ड्रोन झकास उतरलं, पंख दोन बाजूंना गेले. त्याने लिहिलं, "उतरताना मोडले." मी पळत जाऊन त्याच्यासमोर दोन मिनिटांत जोडलं आणि पुन्हा फेकलं. वर बघायला कोणी नव्हतं, शेऱ्यावर सही होऊन गेली होती. पुढचा नंबर आमच्याकडूनच साचे नेणाऱ्या एका फर्मचा. त्यांनी पंख स्टीलच्या बोल्टने आवळले होते. कापलेल्या मऊ गवतावर ते अखंड उतरलं. टाळ्या पडल्या. ऑर्डर त्यांना.

अ‍ॅडव्हान्स न घेता मी पंखांच्या चाळीस जोड्या करून ठेवल्या होत्या. माझाच मूर्खपणा. पंख भाजून पक्के करायची पोस्ट क्युअरची भट्टी विकली, तीन पोरं सोडून गेली. बापू म्हणाला, "लाव ना स्टीलचे बोल्ट, त्यांना हवेत तर." मी नाही लावले. महिन्याभराने बापू त्याच फर्ममध्ये रुजू झाला. वाईट वाटलं, आजही वाटतं.

दीड वर्षाने तोफखान्यातले एक निवृत्त साहेब आले. ते जवानांना ही विमानं फेकायला शिकवायचे. त्यांनी त्या फर्मच्या पंखांचं पोतं टेबलावर उपडं केलं. बोल्ट शाबूत, स्पार मात्र मुळाशीच तडकलेले. एक उचलून त्यांनी नखाने तडा दाखवला, कार्बनचे केस बाहेर आले होते. "तुमचे ते सुटणारे पंख आहेत का अजून?" चाळीसही जोड्या गेल्या. साहेब अजून येतात. चहा घेत नाहीत, आधी सीजी (विमानाचा तोल-बिंदू) तपासतात : पंखाखाली दोन बोटं, डोळे मिटून.

नंतरची वर्षं बरी गेली. भट्टी नवी आली.

नव्या पोरांना, विचारलं नसलं तरी सांगतो. चेंडूसारखं वर फेकू नका, वाऱ्याच्या तोंडावर सरळ सोडा. प्रॉप (फिरणारं पातं) मागे असलेलंच डिझाइन घ्या, बोटं दहाच आहेत. बॅटरीची कंपनी बदलली की सीजी पुन्हा पाहा. थंडीत बॅटरी आतल्या खिशात ठेवा. आणि अ‍ॅडव्हान्सशिवाय फोमला तार लावू नका.

मागच्या महिन्यात बापूचा फोन आला. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग हळूच म्हणाला, "पंखाला नायलॉनचे बोल्ट कुठल्या मापाचे लावतोस रे?"

म्हटलं, "तुमच्या तपासणाऱ्याला विचार."