फिल्म पातळ पडली, त्याची गोष्ट

एमईएच-पीपीव्ही या केशरी-लाल पॉलिमरच्या फिल्ममधून लेसर प्रकाश मिळतो का, हे पाहणे हा माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय होता. वीज दिल्यावर पीपीव्ही (ज्या पॉलिमरचे एमईएच-पीपीव्ही हे विरघळणारे रूप) प्रकाशतो हे केंब्रिजच्या गटाने १९९० मध्ये दाखवले होते आणि १९९६ मध्ये अशा घन फिल्मपासून लेसरही बनले होते. तेव्हा आम्हांला केवळ आपल्या हाताने ते जमते का, एवढेच पाहायचे होते.

आमच्या बेळगावच्या कॉलेजात स्पिन कोटर, म्हणजे काचेवर टाकलेले पॉलिमरचे द्रावण वेगाने फिरवून त्याची पातळ फिल्म करणारे यंत्र, नव्हता. उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून मोटरवर बसणारी ॲल्युमिनियमची चकती करून घेतली. ‘मायक्रॉनबियक्रॉन मला नको सांगूस, हलायचं नाही एवढं बघतो बघ,’ असे तो म्हणाला आणि ते त्याने पाळले. जुलैत मात्र फिल्म धुरकट येऊ लागल्या. पॉलिमर ज्यात विरघळवला होता तो क्लोरोफॉर्म झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बारीक थेंबांनी साचते, हे कळेपर्यंत दोन आठवडे गेले. हळू उडणारे क्लोरोबेंझिन वापरल्यावर फिल्म नितळ झाल्या.

स्पंदित लेसरसाठी परगावच्या प्रयोगशाळेत जावे लागले. काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचा मांडीवर घेऊन मी एसटीने गेलो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा झोत दंडगोल भिंगाने रेषेसारखा करून फिल्मवर टाकला आणि काचेच्या कडेतून येणारा प्रकाश मोजला. लेसरसारखा प्रकाश असेल तर त्याचा वर्णपट अरुंद व्हायला हवा; पण ऊर्जा कितीही वाढवली तरी तो सुमारे ७० नॅनोमीटर रुंदच राहिला.

दोष माझाच होता. फिल्म अवघी ६० नॅनोमीटर जाड होती. फिल्मचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) काचेपेक्षा जास्त असला, तरी ती साधारण १०० नॅनोमीटरपेक्षा पातळ असेल तर प्रकाश तिच्यात कोंडून राहत नाही, काचेत झिरपून जातो. आणि फिल्ममधून लांबवर धावल्याशिवाय तो वाढणार कसा? दुसऱ्या खेपेला दाट द्रावण कमी वेगाने फिरवून १५० नॅनोमीटरची फिल्म केली. एका ठरावीक ऊर्जेच्या पुढे जाताच वर्णपटाचा तो पसरट उंचवटा ६२५ नॅनोमीटरच्या आसपास अरुंद, टोकदार झाला. हवेत उघडी असल्याने तीच जागा काही मिनिटांत मंद पडे, म्हणून काच सारखी सरकवावी लागे.

आनंदाने मी सरांना आलेख दाखवला. प्रकाश परत फिरवणारी रेझोनेटरची रचना आपल्याकडे नाही, हे प्रवर्धित उत्स्फूर्त उत्सर्जन आहे, म्हणजे आपोआप निघालेला प्रकाश फिल्ममधून एकदाच जाताना वाढला आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. प्रबंधाच्या शीर्षकातला ‘लेसर’ हा शब्द मी त्याच दुपारी खोडला.