वाचून शिकणारा संगणक, नोंद ३ : मुळा नदी की मुळ्याची भाजी?

संगणकाने मराठी मजकूर वाचून आपणहून तथ्यं गोळा करावीत, असा हा प्रयोग. मराठी विकिपीडियाचा डंप (सगळ्या लेखांची एकगठ्ठा फाईल) साफ झाला. आता ‘नदी’ हा एकच प्रकार आणि ‘अमुक नदी तमुक नदीला मिळते’ हा एकच संबंध घेतला आहे. पद्धत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘नेल’ची (नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्निंग, म्हणजे न थांबता वाचून शिकणारी प्रणाली). जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या त्या प्रणालीला दर प्रकारामागे दहा-पंधरा उदाहरणं दिली होती. बाकीचं तिने वेब वाचून गोळा करायचं.

बियाणं, म्हणजे सुरुवातीला हाताने दिलेली उदाहरणं, १२ नद्यांचं: गोदावरी, कृष्णा, भीमा, कोयना, प्रवरा, मुळा, इंद्रायणी वगैरे. नावाच्या दोन्ही बाजूंचे ३-३ शब्द घ्या (त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे शब्द म्हणजे ‘साचा’; त्यावरून नवी नावं सापडतात, नव्या नावांवरून पुढच्या फेरीचे साचे), निदान ३ वेगळ्या नद्यांबरोबर दिसलेलेच साचे ठेवा आणि एका फेरीत ५ पेक्षा जास्त साचे स्वीकारू नका. ‘उगम पावते’, ‘दुथडी भरून’ हे भरवशाचे. ‘च्या काठी’ मात्र तळी, विहिरी सगळंच ओढून आणतो.

खरा घोळ ‘ला मिळते’चा. ‘कोयना कृष्णेला मिळते’ यावरून शिकलेला साचा ‘शिष्यवृत्ती विद्यार्थिनीला मिळते’ यालाही बसतो, आणि शिष्यवृत्ती ही विद्यार्थिनीची उपनदी ठरते! उपाय एकच: दोन्ही बाजूंचे शब्द आधीच ‘नदी’त पक्के झालेले असतील तरच संबंध नोंदवायचा. (नेलनेही ‘इंटरनेट कुकीज’ खायच्या कुकीज समजून संगणकातल्या फायली बेकरीच्या मालात टाकल्या होत्या.)

दुसरी चूक आपली स्वतःची: प्रत्यय आधीच कापून टाकणं. ‘मुळेच्या काठी’ आणि ‘मुळ्याची भाजी’ दोन्हींचं ‘मुळा’ झालं की पुढच्या फेरीत ‘चिरून’ हा नदीचा साचा होऊन बसतो. सामान्यरूप शाबूत ठेवलं तर मराठीच उत्तर देते: स्त्रीलिंगी मुळेला, पुल्लिंगी मुळ्याला. तसंच कृष्णेला म्हणजे नदी, कृष्णाला म्हणजे बहुधा माणूस. ‘बहुधा’ अशासाठी की ‘कृष्णाला पूर’ लिहिणारेही आहेत. म्हणून याला गुण द्या, नियम करू नका.

‘एक नदी एकाच नदीला मिळते’ ही अटही लावून पाहिली, पण मुळा दोन आहेत. पुण्याची मुठेला मिळते, नगरची प्रवरेला. नोंद नावाला नव्हे, नाव अधिक जिल्हा अशा जोडीला करावी लागते.

लिपीचं थोडक्यात: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘री’ (मजकुरात साचे शोधणाऱ्या) मॉड्यूलमधला शब्दाचा तयार साचा (\w) काना-मात्रा धरत नाही, ‘नदी’चं ‘नद’ करतो. देवनागरी अक्षरांचा युनिकोडमधला पल्ला स्वतः लिहा, दंड (।) हे विरामचिन्ह वगळून. ‘ॲ’ची दोन रूपं (एकच अक्षर, किंवा ‘अ’ अधिक चंद्र) एनएफसी, म्हणजे युनिकोडची अक्षरं एकसारखी करण्याची पद्धत, एक करत नाही, ती हाताने बदला.

पुढची फेरी ‘गाव’. ‘जे गाव ते नदी नव्हे’ हा नियम सरसकट लावला तर पूर्णा अडकेल: नदी आहेच, शिवाय परभणी जिल्ह्यातलं गावही. तिथे नियम शब्दाऐवजी त्या-त्या वाक्यातल्या वापराला लावून पाहायचा आहे.